‘१९८४’: तेराचे ठोके ऐकताना

काही पुस्तके वाचली जातात त्यापेक्षा उद्धृतच अधिक केली जातात. जॉर्ज ऑर्वेल यांची ‘१९८४’ ही कादंबरी अशा पुस्तकांपैकी एक. ८ जून १९४९ रोजी लंडनच्या सेकर अँड वॉरबर्ग या प्रकाशन संस्थेने ती प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून तिच्यातले शब्द तिला मागे टाकून जगभर हिंडत आहेत. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने काही माणसांना एका घरात कोंडून त्यांच्यावर अहोरात्र कॅमेरे रोखले. त्या कार्यक्रमाला ‘बिग ब्रदर’ हे नाव याच कादंबरीवरून मिळाले. त्याचा भारतीय अवतार ‘बिग बॉस’ २००६ मध्ये हिंदीत आणि २०१८ मध्ये मराठीत आला. ज्या नावाने ऑर्वेल यांच्या नायकाच्या अंगावर काटा यावा, त्याच्याच भाऊबंदाची आज्ञा ऐकायला घरोघरी माणसे हौसेने जमू लागली! २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन याने अमेरिकी सरकारच्या टेहळणीचे तपशील उघड केले, तेव्हा ही कादंबरी पुन्हा चर्चेत आली. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या एका सल्लागारांनी ‘पर्यायी तथ्ये’ असा शब्दप्रयोग केला, आणि ती खपाच्या यादीत अग्रस्थानी जाऊन बसली.

अशा प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारला जातो: ऑर्वेल यांचे भाकीत खरे ठरले काय? प्रश्न रास्त आहे. पण तो पंचांगाला विचारावा तसा आहे. भाकिते बरोबर की चूक अशी खूण करून बाजूला ठेवता येतात. कादंबरी मात्र ऐकावी लागते. कोण सांगतो आहे, कोणत्या सुरात सांगतो आहे आणि कोणाविषयी सांगतो आहे, हे पाहिल्याशिवाय ती काय सांगते आहे याचा पत्ता लागत नाही. ‘१९८४’च्या बाबतीत तर हे अधिकच खरे, कारण तिच्यातली सर्वांत भीतिदायक गोष्ट कॅमेरा ही नाही.

आदर्शलोकाची उलटी बाजू

१५१६ मध्ये सर टॉमस मोर यांनी ‘यूटोपिया’ नावाचा ग्रंथ लिहिला. ग्रीक शब्दांपासून बनवलेल्या या नावाचा अर्थ ‘कोठेही नसलेले ठिकाण’ असा होतो. आपल्याकडे ‘रामराज्य’ म्हटले की जे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, त्याच्याशी नाते सांगणारी ही कल्पना. ‘डिस्टोपिया’ हे त्याचे नेमके उलट रूप: दु:स्वप्नासारखा, माणसाला चिरडणारा समाज. मात्र या प्रकारच्या कादंबरीत एक गंमत असते. त्या समाजाचे सत्ताधारी स्वत:च्या राज्याला कधीही दु:स्वप्न म्हणत नाहीत. आपण आदर्शलोक साकारला आहे, असाच त्यांचा दावा असतो. वाचकाला वाचायची असते ती या दाव्यातली आणि तिथल्या माणसांच्या रोजच्या जगण्यातली दरी.

साहित्याच्या अभ्यासात यासाठी तीन साधने सांगितली जातात: आशयसूत्र, निवेदनाचा सूर आणि व्यक्तिरेखा. शाळा-महाविद्यालयांत बहुधा आशयसूत्रापासून सुरुवात होते. ‘सत्तेची पाळत’, ‘भाषेची गळचेपी’, ‘व्यक्तिस्वातंत्र्याचा लोप’ अशी यादी फळ्यावर लिहिली जाते आणि मग तिच्या पुष्ट्यर्थ उदाहरणे शोधली जातात. हा क्रम उलटा करून पाहावा. आधी सूर ऐकावा, मग माणूस पाहावा आणि आशयसूत्राचे नाव सर्वांत शेवटी उच्चारावे. असे केले तर यादीत नसलेली एक गोष्ट हाती लागते.

शब्दांच्या कारखान्यातला माणूस

सूर ऐकण्यापूर्वी सूर लावणाऱ्याची थोडी ओळख हवी. ऑर्वेल यांचे खरे नाव एरिक आर्थर ब्लेअर. त्यांचा जन्म २५ जून १९०३ रोजी बिहारमधील मोतिहारी येथे झाला. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. १९२२ ते १९२७ या काळात ऑर्वेल यांनी ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी म्हणून काम केले आणि साम्राज्याचे काम आतून कसे चालते ते पाहिले. डिसेंबर १९३६ मध्ये ते स्पेनमधील यादवी युद्धात फॅसिस्टांविरुद्ध लढायला गेले. मे १९३७ मध्ये त्यांच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. ते थोडक्यात बचावले. या युद्धात त्यांना शत्रूच्या गोळीहूनही हादरवणारी गोष्ट दिसली. जिथे लढाई झालीच नाही तिथे घनघोर युद्धाची वर्णने छापून येत होती, आणि जिथे शेकडो माणसे मेली तिथल्याविषयी अवाक्षर नव्हते. वस्तुनिष्ठ सत्य ही कल्पनाच जगातून नाहीशी होते आहे की काय, ही धास्ती त्यांनी पुढे स्पेनविषयीच्या निबंधात मांडली. ती त्यांना अखेरपर्यंत सोडून गेली नाही.

१९४१ ते १९४३ या काळात ते बीबीसीच्या पूर्व विभागात होते आणि भारतासाठीच्या कार्यक्रमांचे काम पाहत होते. मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावे. महायुद्धाच्या घडामोडींची साप्ताहिक वार्तापत्रे तेव्हा गुजराती, मराठी अशा भारतीय भाषांतून प्रसारित होत, आणि त्यांतल्या अनेकांचे इंग्रजी मसुदे ऑर्वेल लिहून देत. त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांत वेणू चितळे होत्या. पुढे १९५० मध्ये त्यांची ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. ऑर्वेल लिहीत असलेला मजकूर युद्धकाळातील नियमांनुसार तपासनिसाच्या नजरेखालून गेल्यावरच ध्वनिक्षेपित होई. कादंबरीतला नायक सरकारी शब्दांच्या कारखान्यात नोकरी करतो. तो कारखाना ऑर्वेल यांनी काही अंशी तरी आतून पाहिलेला होता.

स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळील ज्युरा बेटावर, क्षयाने पोखरलेल्या अवस्थेत, त्यांनी डिसेंबर १९४८ मध्ये ही कादंबरी हातावेगळी केली. अंतिम प्रत टंकलिखित करण्याचे कामही त्यांनी आजारपणात स्वत:च केले. २१ जानेवारी १९५० रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, ते निवर्तले.

कोरडा सूर

कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात घड्याळे तेराचे ठोके देतात. घड्याळाचा तेरावा ठोका स्वत: तर खोटा असतोच, पण आधीच्या बारा ठोक्यांवरचा विश्वासही उडवतो, अशा अर्थाचे एक बोलणे इंग्रजीत आहे. विशेष असे की निवेदकाला याचे यत्किंचितही आश्चर्य वाटत नाही. हवा थंड आहे हे जितक्या सहजतेने सांगावे, तितक्याच सहजतेने तो तेराचे ठोके सांगून टाकतो. संपूर्ण कादंबरीचा सूर या सहजतेत आहे.

पुढे काय येते? इमारतीच्या दालनात उकडलेल्या कोबीचा वास येतो. लिफ्ट बंद आहे, कारण दिवसा वीज तोडलेली असते. ३९ वर्षांचा विन्स्टन स्मिथ सातव्या मजल्यापर्यंत जिना चढतो आहे आणि उजव्या घोट्यावर जखम चिघळलेली असल्यामुळे मध्ये मध्ये थांबतो आहे. दाढीची पाती मिळत नाहीत, जिन नावाचे पेय घशाखाली उतरत नाही, सिगारेट उभी धरली तर तंबाखू गळून पडतो. भविष्यकाळाच्या कथेत आपण चकचकीत यंत्रांची अपेक्षा करतो. ऑर्वेल आपल्यापुढे युद्धोत्तर लंडनमधली टंचाई, धूळ आणि दुखणारे शरीर ठेवतात. सत्ता इथे आकाशवाणीसारखी कोसळत नाही. ती रोजच्या जेवणात, पायातल्या बुटांत आणि बंद पडलेल्या लिफ्टमध्ये मुरलेली आहे.

या कोरडेपणातून अधूनमधून एक काळाकुट्ट विनोदही डोकावतो. सत्य मंत्रालयात विन्स्टनचे काम जुनी वर्तमानपत्रे ‘दुरुस्त’ करण्याचे. एका तिमाहीत १४ कोटी ५० लाख बुटांचे जोड तयार होतील असा सरकारी अंदाज होता. प्रत्यक्ष आकडा ६ कोटी २० लाख असल्याचे जाहीर झाले. विन्स्टन जुना अंदाज खोडून ५ कोटी ७० लाख करतो, म्हणजे उद्दिष्टापेक्षा अधिक उत्पादन झाल्याचा डंका पिटता येईल. आणि मग निवेदक शांतपणे सुचवतो की बहुधा एकही जोड तयार झालेला नसावा; अर्धी जनता तर अनवाणीच फिरते आहे. या परिच्छेदात संताप व्यक्त करणारा एकही शब्द नाही. हिशेबाच्या वहीतल्या नोंदीसारखा तो वाचला जातो, आणि म्हणूनच अंगावर येतो.

सूर सर्वत्र सारखाच मात्र राहत नाही. दुसऱ्या भागात, विन्स्टन आणि ज्युलिया यांच्या भेटींत, तो मऊ होतो. जुन्या वस्तूंच्या दुकानातला प्रवाळाचा तुकडा असलेला काचेचा गोळा, अंगणात कपडे वाळत घालत गाणारी स्थूल बाई, खऱ्या कॉफीचा वास यांचे वर्णन निवेदक रेंगाळत करतो. तिसऱ्या भागात हा ओलावा पार आटतो. खिडक्या नसलेल्या, सतत उजेड असलेल्या प्रेम मंत्रालयात केवळ प्रश्न आणि उत्तरे उरतात. आणि अगदी शेवटी, जिनचा पेला आणि बुद्धिबळाचा पट घेऊन बसलेल्या विन्स्टनचे वर्णन येते, ते कमालीच्या शांत सुरात. या कादंबरीत किंकाळीपेक्षा शांतता भयंकर आहे, हे ज्याच्या कानाला कळले त्याला निम्मी कादंबरी कळली.

आणखी एक बाब. निवेदन तृतीयपुरुषी असले तरी आपण सर्व काही विन्स्टनच्याच नजरेने पाहतो. जे त्याला ठाऊक नाही ते आपल्यालाही ठाऊक नाही. बिग ब्रदर नावाचा माणूस खरोखर अस्तित्वात आहे काय? राज्याचा कट्टर शत्रू गोल्डस्टीन जिवंत आहे की तोही बनावट? अखेरपर्यंत उलगडा होत नाही. फार काय, रोजनिशीत तारीख लिहिताना साल १९८४ च आहे याचीही विन्स्टनला खात्री नसते. ज्या सालावरून जगभर भाकिताचा हिशेब मांडला गेला, ते साल खरे आहे की नाही हे खुद्द नायकालाच माहीत नाही! हस्तलिखितात ऑर्वेल यांनी आधी १९८०, मग १९८२ आणि शेवटी १९८४ असे साल बदललेले आढळते. सालाला महत्त्व असलेच तर ते एवढेच, की तिथे राहणाऱ्याला त्याचीही शाश्वती उरलेली नाही.

नायक कसा आहे?

विन्स्टनला बंडखोर वीर मानण्याची चूक अनेक वाचक करतात. लेखकाने मात्र त्याला वीर होऊ दिलेले नाही, आणि हे जाणीवपूर्वक केलेले आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तो असत्याचा बळी आहे तसाच त्याचा कुशल कारागीरही आहे. त्याच्या कंटाळवाण्या आयुष्यात सर्वाधिक आनंद त्याला या कामातच मिळतो. एकदा तो कॉम्रेड ओगिल्वी नावाचा अस्तित्वातच नसलेला हुतात्मा कागदावर निर्माण करतो. हा आदर्श बालक तिसऱ्या वर्षी ढोल, बंदूक आणि हेलिकॉप्टर एवढीच खेळणी पत्करतो आणि अकराव्या वर्षी स्वत:च्या काकाची विचार-पोलिसांकडे चुगली करतो. ही रचना करताना विन्स्टनला कारागिराचा अभिमान वाटतो. खोटे लिहिण्याचा त्याला तिटकारा आहे आणि ते उत्तम लिहिण्याची हौसही आहे. नोकरीत मन मारणाऱ्या, तरीही काम चोख करणाऱ्या कोणत्याही शहरी माणसाला हा विरोधाभास परका वाटू नये.

दुसरी गोष्ट त्याच्या मनातल्या क्रौर्याची. बाँबस्फोटानंतर रस्त्यावर मनगटापासून तुटलेला एक मानवी हात दिसतो, तेव्हा तो त्याला पायाने गटारात ढकलतो आणि पुढे चालू लागतो. ज्युलियाशी ओळख होण्यापूर्वी तिच्याविषयी हिंस्र कल्पना त्याच्या मनात येतात. गुप्त संघटनेत दाखल होताना ओब्रायन त्याला विचारतो की, गरज पडल्यास लहान मुलाच्या चेहऱ्यावर आम्ल फेकशील काय? तो ‘हो’ म्हणतो. पुढे छळाच्या खोलीत, आपण सत्ताधाऱ्यांपेक्षा नैतिकदृष्ट्या श्रेष्ठ आहोत असे तो म्हणू लागतो, तेव्हा ओब्रायन याच होकाराचे ध्वनिमुद्रण त्याला ऐकवतो. त्यावर विन्स्टनपाशी उत्तर नसते.

तिसरी गोष्ट त्याच्या आठवणीत दडलेली आहे. उपासमारीच्या दिवसांत त्याने धाकट्या, मरणासन्न बहिणीच्या हातातला चॉकलेटचा तुकडा हिसकावून पळ काढला होता. परत आला तेव्हा आई आणि बहीण दोघीही नाहीशा झालेल्या होत्या. आईने त्या वेळी रडणाऱ्या मुलीला कवेत घेतले होते. त्या कृतीने चॉकलेट परत मिळणार नव्हते, मरण टळणार नव्हते, तरी तिने ते केले. निरुपयोगी मायेचे हे मोल विन्स्टनला तीस वर्षांनी उमगते, आणि कादंबरीत माणुसकीचा अर्थ जिथे सर्वाधिक स्पष्ट होतो ते हे स्थळ आहे.

नायक निष्कलंक असता तर आपण बाहेर उभे राहून टाळ्या वाजवल्या असत्या. तो आपल्यासारखाच डागाळलेला असल्यामुळे ती सोय राहत नाही. त्याच्या जागी आपण काय केले असते, हा प्रश्न वाचकाला टाळता येत नाही.

भोवतालची माणसेही अशीच एकेका प्रश्नाचे रूप आहेत. २६ वर्षांची ज्युलिया काही बाबतींत विन्स्टनपेक्षा चतुर आहे. लंडनवर पडणारे बाँब आपलेच सरकार टाकत असावे, ही शंका तिला येते. त्याला ती कधी सुचलेलीही नसते. परंतु भूतकाळ बदलला जातो याचे तिला काही वाटत नाही. चार वर्षांपूर्वी शत्रू दुसराच होता, हे तिच्या ध्यानातही नसते, आणि आठवण करून दिल्यावर ‘त्याने काय बिघडले?’ असा तिचा भाव असतो. तिची व्यक्तिरेखा पुरुषी नजरेने रेखाटलेली आहे, ही टीका अनेक समीक्षकांनी केली, आणि ती सर्वस्वी निराधार नाही. २०२३ मध्ये सँड्रा न्यूमन यांनी ‘ज्युलिया’ या कादंबरीत हीच कथा तिच्या बाजूने सांगितली. पार्सन्स हा बावळट, घामाघूम, पक्षनिष्ठ शेजारी. सात वर्षांच्या मुलीने कुलपाच्या भोकाशी कान लावून त्याचे झोपेतले बरळणे ऐकले आणि त्याला पकडून दिले. तुरुंगात तो तिच्याविषयी अभिमानाने बोलतो! आणि ओब्रायन. जाडजूड अंगाचा, नाकावरचा चष्मा सभ्यपणे सावरणारा, शिक्षकाच्या धीराने समजावणारा हा अधिकारी विन्स्टनला जितका ओळखतो तितका दुसरा कोणीही ओळखत नाही. आपल्याला समजून घेणारा माणूस आयुष्यभर शोधावा आणि तो छळ करणाऱ्याच्या रूपात भेटावा, ही विन्स्टनची शोकांतिका आहे.

मग आशयसूत्र कोणते?

आता आशयसूत्राकडे वळता येईल. सूर आपल्याला सांगतो की भयंकर गोष्टी येथे नित्याच्या झाल्या आहेत. व्यक्तिरेखा सांगते की त्या नित्याच्या करण्यात सामान्य, हुशार, दुबळी माणसे हातभार लावतात. या दोहोंच्या मध्यावर एक प्रसंग आहे. जोन्स, आरनसन आणि रदरफोर्ड या जुन्या नेत्यांनी देशद्रोहाचा कबुलीजबाब दिलेला असतो. ज्या दिवशी आपण शत्रूच्या भूमीवर होतो असे ते सांगतात, त्याच दिवशी ते न्यूयॉर्कमधील समारंभात असल्याचे दाखवणारे वर्तमानपत्रातील छायाचित्र योगायोगाने विन्स्टनच्या हाती पडते. काही मिनिटे तो पुरावा त्याच्यापाशी असतो. मग घाबरून तो स्वत:च तो कागद नष्ट करण्याच्या भोकात टाकून देतो. कित्येक वर्षांनी ओब्रायन तेच छायाचित्र त्याच्या डोळ्यांपुढे धरतो, जाळून टाकतो, आणि असे छायाचित्र कधी नव्हतेच, मला आठवत नाही, असे सांगतो.

कादंबरीचा गाभा येथे आहे. पाळत हे साधन आहे, छळ हेही साधन आहे. साध्य आहे ते माणसाने स्वत: पाहिलेल्या गोष्टीवरचा त्याचा विश्वास मोडणे. दोन अधिक दोन पाच होतात, हे विन्स्टनने भीतीपोटी म्हणून सत्तेचे समाधान होत नाही. त्याला तसे दिसले पाहिजे. हे गणित ऑर्वेल यांच्या कल्पनेतून उगवलेले नाही. पंचवार्षिक योजना चार वर्षांत पूर्ण करण्याच्या मोहिमेत १९३१ च्या सोव्हिएत भित्तिपत्रकावर ते खरोखरच झळकले होते. आणि कादंबरीनंतरचा एक दाखला असा: स्टालिनचा एके काळचा उजवा हात लाव्हरेन्ती बेरिया याला डिसेंबर १९५३ मध्ये गोळी घालण्यात आली. त्यानंतर सोव्हिएत विश्वकोशाच्या वर्गणीदारांना त्याच्यावरील नोंद कापून तिच्या जागी चिकटवण्यासाठी नवी पाने पाठवण्यात आली. त्यांत बेरिंग समुद्राची माहिती होती.

एकट्या माणसाला एकट्याने सत्य फार काळ सांभाळता येत नाही, हे या कादंबरीचे कटू निरीक्षण आहे. सत्याला साक्षीदार लागतात, कागद लागतात, न बदललेली भाषा लागते आणि ‘हो, मलाही आठवते’ असे म्हणणारा दुसरा माणूस लागतो. विन्स्टन रोजनिशी लिहितो ती या दुसऱ्या माणसाच्या शोधात. १०१ क्रमांकाच्या खोलीत, उंदरांच्या पिंजऱ्यासमोर, तो ज्युलियाला पुढे ढकलतो, तेव्हा त्याच्या आठवणीची शेवटची भागीदारही त्याने गमावलेली असते. त्यानंतर उरते ते अवघ्या चार इंग्रजी शब्दांचे अखेरचे वाक्य, ज्यात तो बिग ब्रदरवर प्रेम करू लागल्याचे कळते.

कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर अनेकांनी तिला समाजवादावरील हल्ला ठरवले. ऑर्वेल यांनी १९४९ मध्येच खुलासा केला होता की आपला रोख समाजवादावर वा ब्रिटनच्या मजूर पक्षावर नाही. असे होईलच असे आपले म्हणणे नाही, पण असे काहीतरी होऊ शकते, हे त्यांनी आवर्जून सांगितले. कथा ब्रिटनमध्ये घडवली तीही इंग्रजी बोलणारे लोक इतरांपेक्षा उपजत शहाणे नसतात हे दाखवण्यासाठी.

शेवटच्या पानानंतर

पुष्कळ वाचक त्या चार शब्दांपाशी पुस्तक मिटतात. परंतु त्यापुढे एक परिशिष्ट आहे: ‘न्यूस्पीक’ या सरकारी भाषेच्या तत्त्वांचे. शब्द कमी करत गेले की विचारही कमी होतील, या हेतूने घडवलेली ही भाषा. अमेरिकेतील ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ने कादंबरी निवडताना हे परिशिष्ट आणि गोल्डस्टीनच्या पुस्तकाचा भाग गाळण्याची सूचना केली होती. मोठ्या खपावर पाणी सोडावे लागण्याची शक्यता असूनही ऑर्वेल यांनी ती फेटाळली, आणि अखेर क्लबनेच माघार घेतली.

एवढा आग्रह कशासाठी? परिशिष्टाचा सूर ऐकला की एक शक्यता दिसते. ते साध्या, प्रमाण इंग्रजीत आहे आणि संपूर्णपणे भूतकाळात लिहिलेले आहे. न्यूस्पीकची योजना होती, २०५० पर्यंत ती पूर्ण व्हायची होती, असे कोणी तरी अभ्यासक तटस्थपणे सांगतो आहे. ज्या भाषेत असे लिहिणे अशक्य व्हावे म्हणून सारा खटाटोप झाला, त्या भाषेतच तिचा इतिहास लिहिला जातो आहे. म्हणजे ते राज्य पुढे कधी तरी कोसळले असावे काय? ऑर्वेल यांनी हे कोठेही स्पष्ट केलेले नाही. पण थॉमस पिंचन, मार्गारेट ॲटवुड यांच्यासारख्या लेखकांनी परिशिष्टाचा असा अर्थ लावला आहे. ॲटवुड यांच्या ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) या कादंबरीच्या अखेरीसही २१९५ सालच्या एका विद्वत्परिषदेचा वृत्तान्त येतो आणि अत्याचारी राज्य इतिहासजमा झाल्याचे कळते. एका क्रियापदाच्या काळावर कादंबरीची सारी आशा तोलली जावी, हे सुराचे सामर्थ्य.

याच पद्धतीने या कुळातल्या इतर कादंबऱ्याही वाचता येतात. येवगेनी झाम्यातिन यांच्या ‘आम्ही’ या रशियन कादंबरीचे इंग्रजी भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ऑर्वेल यांनी १९४६ मध्ये तिच्यावर लिहिले होते. तिचा निवेदक डी-५०३ हा गणिती राज्याची भक्तिभावाने स्तुती करत सुरुवात करतो, आणि त्याच्या सुराला पडत जाणाऱ्या भेगा म्हणजेच ती कथा होय. ऑल्डस हक्सले यांच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२) मध्ये सूर खेळकर, उपहासाचा आहे, कारण तिथली माणसे सुखाने गुलाम झालेली आहेत. ऑक्टोबर १९४९ मध्ये हक्सले यांनी ऑर्वेल यांना पत्र लिहून कळवले की भावी राज्यकर्ते दंडुक्यापेक्षा सुखाचाच मार्ग पत्करतील असे आपल्याला वाटते. दोघांत बरोबर कोण, हा वाद आजही रंगतो. दोन सूर दोन वेगळ्या भीतींना वाट करून देतात, एवढे वाचकाने ओळखले तरी पुष्कळ.

‘१९८४’मधला एक छोटा प्रसंग शेवटी नोंदवावासा वाटतो. चॉकलेटचा आठवड्याचा वाटा ३० ग्रॅमवरून २० ग्रॅमवर आणला जातो. दुसऱ्याच दिवशी टेलिस्क्रीनवर घोषणा होते की वाटा ‘वाढवून’ २० ग्रॅम केल्याबद्दल जनतेने बिग ब्रदरचे आभार मानले. उपाहारगृहात बसलेली माणसे ते ऐकतात आणि मान डोलावतात. त्यांच्या डोक्याला कोणी बंदूक लावलेली नसते. चोवीस तासांपूर्वीचा आकडा त्यांनी लक्षात ठेवलेला नसतो, इतकेच.

विन्स्टनच्या काळी जुना अंक बदलायचा तर नवी प्रत छापावी लागे आणि जुनी भट्टीत घालावी लागे. आता पडद्यावरचा मजकूर राखेची चिमूटही मागे न ठेवता बदलता येतो. अशा वेळी कालचा आकडा आज आठवणे, तो आठवणारा दुसरा कोणी आहे का हे विचारणे आणि शक्य असल्यास तो कोठे तरी लिहून ठेवणे, या बाबी दिसायला क्षुल्लक आहेत. ऑर्वेल यांच्या नायकाने सातव्या मजल्यावरच्या खोलीत, टेलिस्क्रीनच्या नजरेआड वही उघडली ती नेमकी याचसाठी.